एक जूनची माणसं

"यातल्या तुम्ही कोणत्या?" मिसेस लिंडक्विस्टनी विचारलं.

त्यांच्या टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. एक माझा उघडा पासपोर्ट. दुसरा, आदल्या दिवशी त्यांच्याच कार्यालयात बसून मी माझ्या हातानं भरलेला फॉर्म. पासपोर्टावर माझी जन्मतारीख होती १ जून १९४०. फॉर्मवर मी लिहिलं होतं, २ ऑगस्ट १९४१.

"दोन्ही मीच," मी म्हणाले.

"तसं होत नाही, मिस खराडे. माणूस एकदाच जन्मतो."

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. साठीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. चष्म्याला साखळी, आणि चष्मा गळ्यात लोंबकळत ठेवून समोरच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायची सवय. विद्यापीठात जगभरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची सगळी कागदपत्रं त्यांच्या हातून जायची. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय नाव नोंदवता येत नसे.

१९६८ सालचा सप्टेंबर. अमेरिकेच्या मधोमध, चारी बाजूंनी मक्याची शेतं असलेल्या त्या गावात येऊन मला पाच दिवस झाले होते. सांगलीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते. तिथून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन, इथल्या प्रयोगशाळेत शिकवता शिकवता पुढचं शिकायचं, असं ठरवून आले होते. 

"हे बघा," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या, "गेल्या वर्षी एक मुलगा दुसऱ्याच माणसाच्या प्रमाणपत्रांवर इथे येऊन दाखल झाला. चार महिने कुणाला कळलं नाही. त्यानंतर मला सांगितलं गेलंय की दोन कागद जुळले नाहीत तर शिक्का मारायचा नाही. तुम्ही तशा आहात असं मी म्हणत नाही. पण मला खुलासा हवा."

"किती दिवसांत?"

"शुक्रवारी पाच वाजता नोंदणी बंद होते. मग तुमची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. आणि जागा नसेल तर तुम्हाला या देशात राहता येणार नाही."

त्या दिवशी बुधवार होता.

मी "बरं" म्हणाले, पासपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि बाहेर आले. बाहेर हिरवळीवर पोरं-पोरी आडवी होऊन पुस्तकं वाचत होती. मला एकदम दादाचा चेहरा आठवला. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे घरात थोरल्या दादाचा शब्द शेवटचा. त्यानं मला पाठवलं खरं, पण एका अटीवर. "काही अडचण आली तर तिथं रडत बसायचं नाही. सरळ परत यायचं. आणि परत आलीस की मी दाखवीन त्या मुलाशी लग्न. मग शिकायचं नाव काढायचं नाही." मी हो म्हटलं होतं. पाच दिवसांत परत गेले असते तर दादानं एक शब्दही बोलून दाखवला नसता, आणि तेच मला सोसलं नसतं.

घोलप मला जेवणाच्या हॉलमध्ये भेटले. मुरलीधर घोलप, इंदापूरकडचे. शेती-अवजारांच्या अभ्यासाचं त्यांचं तिसरं वर्ष. गावात मराठी बोलणारे आम्ही तेव्हा दोघंच. मी आल्या दिवसापासून त्यांनी मला हाताला धरून सगळं शिकवायला घेतलं होतं. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. ताटात काय वाढलंय ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदाच हो म्हणायचं, कारण इथं दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. प्राध्यापक आत आले तरी उभं राहायचं नाही. मी कॉलेजात शिकवत होते म्हणून ते मला बाई म्हणायचे, आणि शिष्याला दटावावं तसं दटावायचे.

मी झालेलं सांगितलं. घोलपांनी बटाट्याचा घास तोंडाशी नेता नेता थांबवला.

"बाई, तुम्ही खरी तारीख लिहिली?"

"हो."

"पण का?"

"फॉर्मच्या खाली लिहिलं होतं, वरील माहिती खरी आहे असं मी शपथेवर सांगते. त्याखाली सही करायची होती."

घोलपांनी काटा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या मुली वळून बघायला लागल्या.

"अहो, शपथेवर म्हणजे कागदाप्रमाणे! आपल्याकडं काय शपथा घेत नाहीत का लोकं? तुम्ही मॅट्रिकच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं?"

"एक जून."

"बीएस्सीच्या?"

"एक जून."

"पासपोर्टाच्या?"

"घोलप, किती वेळा विचारणार?"

"मग इथंच काय तुम्हाला हरिश्चंद्राची आठवण झाली?"

कारण होतं, पण ते घोलपांना सांगितलं असतं तर हसले असते, आणि त्या दिवशी मला कुणी हसलेलं चाललं नसतं.

आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. पण आता माझी नातवंडं विचारतात म्हणून सांगते. जन्माची नोंद कुणी करत नसे. पोराला शाळेत घालायच्या दिवशी बाप त्याला घेऊन जाई. गुरुजी विचारत, कधीचा? बाप म्हणे, मोठा पूर आला त्या साली. गुरुजी पोराकडे बघत, सहा वर्षांचा होईल असा हिशेब करत, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून लिहून टाकत. वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मलेली. विट्याजवळच्या आमच्या कळंबवाडीत तांबवेकर गुरुजींनी माझ्या दादाला एक जून दिली, माझ्या चुलत्याच्या चारही पोरांना एक जून दिली, आणि मलाही. फक्त माझ्या बाबतीत सालही चुकवलं. पुढं नोकरीतून मी एक वर्ष दोन महिने आधीच निवृत्त झाले, ते त्या पायी.

"आता असं करा," घोलप म्हणाले. "शुक्रवारी जायचं आणि सांगायचं, चुकून धाकट्या बहिणीची तारीख लिहिली. नवीन देश, प्रवासाचा शीण, डोकं जागेवर नव्हतं. संपलं."

"मला धाकटी बहीण नाही."

"त्या बाईला कुठं ठाऊक आहे?"

"पण मीच शपथेवर..."

"बाई!" घोलप जवळ जवळ ओरडलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही लई खऱ्या आहात, मान्य. पण खऱ्यांना इथून परतीचं विमान पकडावं लागलं तर उपयोग काय? एक वाक्य. धाकटी बहीण. म्हणा बघू."

मी म्हटलं. इंग्रजीत. घोलपांनी माझ्याकडून ते वाक्य चार वेळा म्हणून घेतलं. गुरुवारी पुन्हा भेटले तेव्हा पुन्हा म्हणून घेतलं. त्यांनी माझ्या बहिणीला नावसुद्धा देऊन टाकलं, मंगल. "नाव असलं की माणूस खरं वाटतं," म्हणाले. बिचाऱ्या मंगलला मी दोन दिवस मनात सांभाळलं.

शुक्रवारी तीन वाजता मी मिसेस लिंडक्विस्टच्या दारात उभी राहिले. घोलप बाहेरच्या बाकावर बसले होते. मी आत जाताना पुटपुटत म्हणाले, "मंगल."

मिसेस लिंडक्विस्टनी फॉर्म काढून समोर ठेवला. खिडकीतून ऊन थेट त्यावर पडलं होतं. मी निळ्या शाईत, वळणदार अक्षरांत लिहिलेली तारीख उठून दिसत होती.

"हं. दोन ऑगस्ट कुणाची?"

"दोन ऑगस्ट," मी सुरुवात केली, "ही माझ्या धाकट्या..." आणि थांबले.

त्या वाट बघत राहिल्या. घोलपांनी शिकवलेलं वाक्य तिथंच होतं, जिभेवर. पण समोर ती तारीख होती, आणि ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकणं माझ्याच्यानं होईना. एका नसलेल्या मुलीलासुद्धा.

"माझी," मी म्हणाले. "ती माझीच आहे. पासपोर्टावरची गुरुजींची आहे."

"कुणाची?"

मग मी सगळं सांगितलं. पूर, जूनमध्ये उघडणारी शाळा, सहा वर्षांचा हिशेब. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकी होतं. घाईनं बोलताना मध्येच मराठी शब्द यायचे आणि मी ते परत मागं घ्यायची. मिसेस लिंडक्विस्टनी चष्मा काढून गळ्यात सोडला.

"मग दोन ऑगस्ट हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या आईनं."

"तिला खात्री आहे?"

"त्या वेळी ती तिथंच होती," मी म्हणाले.

मी हे विनोद म्हणून बोलले नव्हते. पण मिसेस लिंडक्विस्टच्या तोंडातून हसू असं काही फुटलं की त्यांना हातरुमाल शोधावा लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "माफ करा. पुढं सांगा. तुमच्या आईकडे काही कागद आहे?"

"आईला लिहिता वाचता येत नाही. तिच्या लक्षात आहे. नागपंचमी म्हणून आमच्याकडे एक सण असतो. बायका झाडाला झोके बांधून खेळतात. त्याच्या चौथ्या दिवशी ती झोका सोडायला गेली आणि तिथंच तिच्या पोटात दुखायला लागलं. सालही तिला आठवतं, कारण त्या वर्षी आमची म्हैस मेली. मी कॉलेजात गेल्यावर जुनं पंचांग शोधून तारीख काढली. दोन ऑगस्ट." 

"आणि तरी आतापर्यंत प्रत्येक कागदावर तुम्ही एक जून लिहीत आलात. मग याच फॉर्मवर हे का?"

हाच प्रश्न घोलपांनी विचारला होता. या बाईंना सांगायला मला लाज वाटली नाही. का, ते सांगता येणार नाही.

"मी निघाले तेव्हा आई एसटीपर्यंत सोडायला आली होती. माझा पासपोर्ट गावात सगळ्यांनी हाताळून बघितला होता. कुणीतरी तिला वाचून दाखवलं की यात तुमच्या मुलीचा जन्म एक जूनचा आहे. गाडी सुटताना आई खिडकीशी आली आणि म्हणाली, 'मी बाळंत झाले तवा गुरुजी हुते का तितं? सगळ्यांनी आजवर त्येंचंच लिवलं. तिकडं तुला कोन वळखत न्हाई. तिकडं तरी माझं लिव.'"

हे मी आधी मराठीत म्हटलं आणि मग इंग्रजीत. मिसेस लिंडक्विस्ट खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर काहीच चाललं नव्हतं.

"मला तीन मुलं," त्या म्हणाल्या. "त्यांचे वाढदिवस नवऱ्याला विचारले तर चुकतील." मग पुन्हा चष्मा लावला आणि त्यांचा कार्यालयातला आवाज परत आला. "माझा विश्वास बसला. पण माझ्या विश्वासावर शिक्का मारता येत नाही. एक गुरुजी असं करतात हे मी फायलीत कसं लिहू?"

"एक नाही. सगळेच करतात," मी म्हणाले. "बाहेर घोलप बसले आहेत. त्यांना विचारा."

घोलपांना आत बोलावलं. ते आले ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की मंगलचं काय केलंत.

"मिस्टर घोलप, तुमची जन्मतारीख?"

"एक जून," घोलप सवयीनं म्हणाले.

"खरी?"

घोलपांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"खरी ठाऊक नाही, मॅडम. ज्वारीची काढणी चालली होती म्हणतात."

मिसेस लिंडक्विस्ट उठल्या. भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं, त्याचा एक खण त्यांनी ओढला आणि भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या फायली काढून टेबलावर ठेवल्या. एकोणीस होत्या. त्या एकेक उघडत गेल्या, तारीख वाचत गेल्या आणि फाईल डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत गेल्या. एक जून. तीन मार्च. एक जून. एक जून. नऊ डिसेंबर. एक जुलै. एक जून. डावीकडचा ढीग सात फायलींचा झाला. एक जुलैच्या दोन होत्या, त्या त्यांनी जरा विचार करून त्याच ढिगावर ठेवल्या.

"आमच्या पलीकडच्या काही भागांत शाळा जुलैत उघडते," घोलप मदत करायला म्हणाले.

मिसेस लिंडक्विस्ट खुर्चीत बसल्या.

"मी इथल्या प्रत्येक परदेशी मुलाला वाढदिवसाचं कार्ड पाठवते," त्या म्हणाल्या. "घरापासून लांब असतात, म्हणून. सहा वर्षं मी एक जूनला गठ्ठ्यानं कार्डं टाकते आहे पोस्टात. मला वाटायचं, सप्टेंबरात तुमच्याकडे काहीतरी फार मोठा सण असणार."

जूनपासून नऊ महिने मागं मोजायला आम्हाला क्षणभर लागला. मग माझे कान तापले, आणि घोलप छताकडे असे निरखून बघायला लागले की जणू ते दुरुस्त करायचं कंत्राट त्यांनाच मिळालंय.

साडेतीन वाजून गेले होते. मिसेस लिंडक्विस्टनी टाइपरायटर पुढे ओढला आणि माझ्या फाईलसाठी चार ओळींचं टिपण टाइप केलं. अर्जदाराच्या देशात शाळेत नोंदलेली तारीख हीच अधिकृत मानली जाते, फॉर्मवरची तारीख कुटुंबात सांगितली जाणारी आहे, दोन्ही व्यक्ती एकच असल्याबद्दल माझी खात्री पटली आहे. खाली सही केली.

"आता फॉर्मवर पासपोर्टाची तारीख घाला. तेवढं करावंच लागेल. मला वाईट वाटतं."

मला ठाऊकच होतं. मी पर्समधून शाईचं खोडरबर काढलं आणि घासायला घेतलं, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाही, नाही! असं नाही करायचं. हे शिकून ठेवा, प्रयोगशाळेतही लागेल. इथं आम्ही खोडत नाही. एक सरळ रेघ मारायची. वर दुरुस्ती लिहायची, बाजूला सही. खालचं वाचता आलं पाहिजे."

"का?"

"कुणी नंतर बघितलं तर आधी काय लिहिलं होतं ते कळायला हवं म्हणून."

मी पट्टी मागून घेतली. २ ऑगस्ट १९४१ वर एक बारीक रेघ मारली. वर १ जून १९४० लिहिलं. सही केली. तारीख स्वच्छ वाचता येत होती. 

"एक विचारू?" शिक्का हातात घेऊन मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. "महिना आणि दिवस समजला. साल का बदललं? तुम्हाला एका वर्षानं मोठं का केलं?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं. गुरुजींचा हिशेब चुकला असेल, असंच मी समजत आले होते.

त्यांनी शिक्का मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

नोंदणी व्यायामशाळेत चालली होती. मी साडी घोट्यावर धरून पळत होते, घोलप माझी पर्स घेऊन पुढे. ते पळता पळता ओरडत होते, "सांगितलंत सगळं? सगळं खरं?" आणि मी दम लागलेला असताना "हो" म्हणत होते. "मग मंगलला मी कशाला जन्माला घातलं?" ते म्हणाले, आणि मला इतकं हसू आलं की व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर मी चक्क बसले. रस्त्यात, पाच हजार माणसांत, साडीत, पायरीवर बसून हसले. सात दिवसांत पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला. चार वाजून दहा मिनिटांनी माझं नाव यादीत चढलं. सोमवारी मी प्रयोगशाळेत उभी होते, वीस अमेरिकन पोरांसमोर, आणि त्यांना पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की वहीत चुकलं तर खोडायचं नाही.

त्या रविवारी मी घरी लांबलचक पत्र लिहिलं. आईला दादा वाचून दाखवायचा, म्हणून सगळं सोपं करून लिहिलं. तुझी तारीख मी लिहिली, ती तशीच आहे, वरून एक रेघ आहे पण वाचता येते, आणि ती या विद्यापीठाच्या कपाटात राहणार आहे.

दादाचं उत्तर नोव्हेंबरात आलं. बाहेर तेव्हा पहिला बर्फ पडत होता. दादानं लिहिलं होतं, आई गावात सांगत फिरते आहे की अमेरिकेच्या सरकारनं तिची तारीख कपाटात ठेवून घेतली. मी समजावून सांगतो, पण ती ऐकत नाही. ही बातमी तांबवेकर गुरुजींच्या कानावर गेली. ते आता थकलेत, काठी घेऊन चालतात. परवा स्वतः घरी आले. आईनं त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि सरळ विचारलं, गुरुजी, दिवस चुकला तर चुकला, पन माझ्या पोरीचं वरीस का वाढवलं?

गुरुजी म्हणाले, ती भावाचं बोट धरून शाळेत आली होती. पाच वर्षांचीही नव्हती, दिसतच होतं. सहाची नाही म्हणून परत पाठवायचा नियम होता. पण परत पाठवलेली मुलगी पुढच्या साली घरात धाकटं भावंड सांभाळत असते, शाळेत येत नाही. मी ते फार पाहिलं होतं. म्हणून सहा पूर्ण होतील असं साल लिहिलं.

दादानं पुढं लिहिलं होतं, हे ऐकून आई उठली. आत गेली आणि गुरुजींसाठी दुसऱ्यांदा चहा टाकला. या वेळी नुसत्या दुधाचा.